एकविसावा रकाना

परवान्याचा अर्ज चार पानांचा होता. त्यातली साडेतीन पानं मी एका दुपारी भरून टाकली. अर्जदाराचं नाव, वय, जागेची लांबी-रुंदी, दिवे किती, पंखे किती, आग विझवायचं नळकांडं आहे की नाही. व्यवसायापुढे आधी नुसतं ‘रफू’ लिहिलं. मग वाटलं, कचेरीतल्या पोरासोरांना कळायचं नाही, म्हणून पुढे जोडलं : ‘फाटलेलं, जळलेलं, कसर लागलेलं कापड होतं तसं करून देणे.’ अक्षरसुद्धा बरं आलं होतं. एकविसाव्या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं ते थांबलंच.

रकाना असा होता : ‘आणीबाणीच्या प्रसंगी दुकान उघडू शकेल अशी व्यक्ती. दुकानाची दुसरी किल्ली तिच्याकडे असावी व ती अर्ध्या तासात पोचेल इतक्या अंतरावर राहणारी असावी. नाव, पत्ता, फोन, अर्जदाराशी नातं, सही.’

आग लागली, नळ फुटला, कुलूप तुटलेलं दिसलं, तर मालकिणीशिवाय आणखी कोणाला हाक मारायची, एवढंच त्यांना हवं होतं. साधी गोष्ट आहे. सगळ्यांकडे असतं असं एखादं माणूस. मी पेनाचं टोपण चावत डोक्यातल्या डोक्यात माणसं मोजायला लागले आणि मोजणी फार लवकर संपली.

आता एकोणसाठाव्या वर्षी दुकान काढायची हौस मला कुठून आली, असं कोणी म्हणेल. हौस कसली? सव्वीस वर्षं मी एका ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या खोलीत बसून रफू केलं. पुढे कपडे घ्यायचे, धुवायचे, आणि ज्याला भोक असेल तो मागे माझ्याकडे यायचा. गिऱ्हाइकाला माझं तोंडही ठाऊक नसायचं. रफूचं हेच आहे, काम जितकं चांगलं तितकी करणारी दिसत नाही. मग मालक गेले, मुलांनी दुकान विकलं, आणि मी सुया, भिंग आणि दिवा एका पिशवीत घालून घरी आले. तीन महिने घरात बसले. चौथ्या महिन्यात भिंतींशी बोलायला लागले, तेव्हा म्हटलं, पुरे.

जागा मिळाली ती एका जिन्याखालची. डावीकडे चांभार, उजवीकडे झेरॉक्सवाला. मी हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात, पण उजेड उत्तरेचा आहे आणि रफूला तोच लागतो. जागेचा मालक भला माणूस नाही आणि वाईटही नाही. त्याने सरळ सांगितलं, “बाई, या महिन्याच्या शेवटी परवाना भिंतीवर दिसला तर जागा तुमची. नाहीतर मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण रोज विचारून जातो.” महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

पहिला फोन भावाला केला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याला चालायला मी शिकवलं, शाळेत मी सोडलं, मुलगी बघायलाही मीच गेले.

“ताई, माझंच नाव टाक की!” तो म्हणाला.

“तू तीन तासांवर राहतोस. तू येईपर्यंत दुकानाची राख गार होईल.”

“कोण बघतंय गं एवढं? बरं, मग तिथलंच कोणाचं तरी टाक. इतकी वर्षं राहतेस तिथे, कोणीतरी असेलच ना?”

“आहेत की, ढीगभर आहेत,” मी म्हटलं. “कोणाचं घालू आणि कोणाचं नको, असं झालंय.”

तो हसला. मीही हसले. त्याला कुठेतरी जायचं होतं, त्याने फोन ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ झाकायची ती परक्यांपुढे. सख्ख्या भावापुढे मी ती का झाकली, ते माझं मलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या दुकानाच्या मालकीणबाईंकडे गेले. त्यांनी चांगल्या कपात चहा दिला. “तुझ्यासारखा हात आता मिळायचा नाही गं,” असं तीनदा म्हणाल्या. मी किल्लीचा विषय काढला तसा कप खाली ठेवला. “ते किल्लीबिल्लीचं नको बाई. उद्या काही झालं तर पोलीस आमच्या दारात यायचे.” गरज सरो नि वैद्य मरो! सव्वीस वर्षं त्यांच्या दुकानाची दुसरी किल्ली माझ्या गळ्यात होती. वर निघताना त्या म्हणाल्या, “आलीच आहेस तर ही शाल जरा बघतेस का?” आणि मी मेली तिथेच खिडकीपाशी बसून ती शाल नीट करून दिली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

राहता राहिली समोरची वहिनी.

आमच्या मजल्यावर दोनच दारं. तिचं नि माझं. मधे आठ पावलं. तिचा नवरा मला बहीण म्हणायचा, म्हणून ती वहिनी. शाळेत गणित शिकवायची, बोलणंही तसंच, हातचा न राखता. अठरा वर्षं आम्ही एकमेकींच्या घरी चपला न घालता जायचो. मग नवरा गेला. वर्षभराने तिने त्याचा एक राखाडी स्वेटर माझ्याकडे आणून दिला. कोपराला कसर लागली होती. “एवढं कोपर बघ,” म्हणाली.

कोपर मी केलंच. पण छातीपाशी आणखी एक भोक होतं, सिगारेटच्या ठिणगीचं, मसुराएवढं. रफूगाराला भोक दिसलं की हात शिवशिवतो. म्हटलं, वहिनीला कौतुक वाटेल. दोन दिवस खपले. आतल्या शिवणीतली लोकर उसवून काढली, टाक्यात टाका अडकवत गेले, आणि असं बुजवलं की भिंग लावूनही सापडू नये. मी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं काम असेल.

तिने स्वेटर मांडीवर घेतला आणि बोट नेमकं तिथेच नेलं. आधी सावकाश फिरवलं, मग घाईघाईने. भोक सापडेना. “इथे होतं,” ती म्हणाली. “मी रोज इथे बोट घालून बसायचे.” मी म्हटलं, “वहिनी, मी तुमच्या भल्यासाठीच केलं.” त्यावर ती जे भडकली! “तुला कोणी सांगितलं होतं? दिसलं भोक की बुजव, एवढंच येतं तुला!” मीही गप्प बसणाऱ्यांतली नाही. दोन दिवसांच्या कष्टाचं हेच फळ का, म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले. त्याला चार वर्षं झाली. आता जिन्यात समोरासमोर आलो तर एक भिंतीला चिकटते, दुसरी कठड्याला.

तेव्हा तिला विचारायचा प्रश्नच नव्हता.

आणि मग मला ती शक्कल सुचली. रफूत बाहेरचा धागा चालत नाही. कितीही रंग जुळवा, दोन धुण्यांत तो वेगळा पडतो. धागा काढायचा तो त्याच कपड्याच्या आतून, शिवणीतून, दुमडीतून, जिथून काढलेला कोणाला कळणार नाही. मी म्हटलं, रकाना म्हणजे तरी काय, भोकच ना? बाहेर माणूस नाही, तर घरातलंच काढू. मी नवीन सिमकार्ड घेतलं आणि कपाटातल्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. एकविसाव्या रकान्यात नाव लिहिलं वहिनीचं, पत्ता तिचा, नातं ‘शेजारीण’, सही मीच जरा तिरकी ठोकली, आणि फोन नंबर टाकला तो माझा, नवा.

त्या संध्याकाळी नंबर लागतो का ते बघायला एका फोनवरून दुसऱ्याला लावला. जाड आवाजात म्हटलं, “हॅलो, हो, मीच बोलतेय. किल्ली माझ्याकडेच असते.” दुसऱ्या कानात माझाच आवाज आला. वेडेपणाच सगळा. पण खरं सांगते, लगेच ठेवला नाही मी तो फोन. घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हॅलो म्हणालं होतं.

कचेरीत मंगळवारी गेले. तीन नंबरची खिडकी. माझ्यामागे एक केस कापणारा, त्याच्यामागे दोन बहिणी, शिकवणीचे वर्ग काढणाऱ्या. खिडकीतला कारकून पस्तिशीचा असेल. बाहीला कोपरापाशी भोक पडायला आलं होतं, आणखी आठ दिवसांत पडलंच असतं. त्याने एकेक पान उलटलं, शिक्के मारले, “छान भरलाय अर्ज,” म्हणाला. मला बरं वाटलं. मग एकविसाव्या रकान्यावर बोट ठेवून त्याने टेबलावरचा फोन पुढे ओढला.

“आता नंबर समोरच लावून बघायचा असा नियम आहे,” तो म्हणाला. “लोक काहीही लिहितात.”

तो जुना फोन कुठे होता? माझ्या पिशवीत. अर्ज दिल्यावर कचेरीचा फोन आला आणि चुकला तर, म्हणून मीच शहाणीने बरोबर घेतला होता. आणि त्या मेल्याची घंटा अशी, की शाळा सुटल्यासारखं वाटावं. सगळी कचेरी वळून बघायला लागली.

“मावशी, तुमचा फोन वाजतोय,” केस कापणारा म्हणाला.

“वाजू दे,” मी म्हटलं.

कारकुनाने माझ्या पिशवीकडे बघितलं. रिसीव्हर खाली ठेवला. घंटा थांबली. त्याने पुन्हा नंबर फिरवला. पिशवी पुन्हा वाजायला लागली. मी काचेवर चिकटवलेली सूचना वाचत उभी राहिले. कार्यालयीन वेळ दहा ते पाच, दुपारी एक ते दोन बंद. तीनदा वाचली.

त्याने फोन ठेवला आणि काचेच्या भोकाजवळ वाकला. मला वाटलं, आता ओरडतो. तो हळू आवाजात म्हणाला, “मावशी, कोणी नसेल तर तसंच लिहायचं असतं. ‘कोणी नाही.’ मग एक किल्ली आम्ही अग्निशमन केंद्रात ठेवतो. त्याने परवाना अडत नाही.”

“असं लिहितात लोक?”

“रोज दोन-तीन असतात.”

त्याने अर्ज माझ्याकडे सरकवला. रकान्यातलं नाव खोडायचं, खाली ‘कोणी नाही’ लिहायचं, बाजूला सही करायची, झालं. किंवा ज्या बाईंचं नाव घातलंय त्यांचा खरा नंबर आणि खरी सही उद्या बारापर्यंत आणायची. खोटी माहिती म्हणून नोंद केली तर सहा महिने अर्ज घेत नाहीत, पण ती नोंद तो करणार नव्हता. “उद्या बारापर्यंत. त्यापुढे माझ्या हातात नाही,” म्हणाला.

मी पेन घेतलं. नाव खोडायला फक्त एक आडवी रेघ लागत होती, आणि खाली दोन शब्द. साडेतीन पानं न थांबता लिहिणारा हात तिथे चालेना. कोणी नाही हे मला माहीत नव्हतं का? रात्री ताप आला की माहीत असायचं, जड पेटी उचलायची झाली की माहीत असायचं. पण ते आपल्याच अक्षरात लिहायचं, खाली सही ठोकायची, आणि मग त्यांनी ते फायलीत घालून ठेवायचं! माझे डोळे भरून आले, आणि त्या दोन बहिणी माझ्याकडे बघत होत्या. मी अर्ज पिशवीत घातला. “उद्या आणते,” म्हटलं आणि बाहेर पडले.

घरी येऊन सरळ वहिनीच्या दारापुढे उभी राहिले. एकदा घरात गेले असते तर पुन्हा बाहेर आले नसते. घंटा वाजवली. दार उघडायला तिला वेळ लागला.

“काय?” ती म्हणाली. चार वर्षांनंतरचा पहिला शब्द.

मी काही सांगायच्या ऐवजी अर्जच पुढे केला. तिने तो घेतला, आत गेली, खिडकीपाशी खुर्चीत बसली. मी उंबऱ्यात. एक डोळा तळहाताने झाकून तिने पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मास्तरीण ती, मधलं कशाला सोडेल?

“‘होतं तसं करून देणे,’” तिने मोठ्याने वाचलं. “अजून तेच का?”

शेवटच्या पानावर ती एकविसाव्या रकान्यापाशी आली. “नाव माझं. पत्ता माझा. सही कोणाची ही? कोंबडीने पाय दिल्यासारखी.”

“माझी.”

“आणि नंबर?”

“तोही माझाच.”

“म्हणजे आग लागली की तूच तुला फोन करणार.” तिने अर्ज मांडीवर ठेवला. “अडला हरी, गाढवाचे पाय धरी. गाढव मी, असंच ना?”

“नाही वहिनी. या खेपेला गाढवही मीच.”

ती हसली नाही. मी मग कचेरीतलं सगळं सांगितलं, पिशवी वाजली तेसुद्धा. सांगता सांगता जे चार वर्षं घशात होतं तेही बाहेर आलं. “वहिनी, ते भोक मी तुम्हाला विचारायला हवं होतं. न विचारता हात लावला. चुकलं माझं.”

ती म्हणाली, “‘कोणी नाही’ लिहायला सांगितलं ना त्यांनी? मग लिहायचं होतं. हात झडत नाही त्याने.”

“तुम्हाला सांगायला काय जातं?”

“मला काय जातं?” ती उठली. टेबलाचा खण ओढून तिने दवाखान्याचा एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. डोळ्याच्या ऑपरेशनचा. रुग्णाचं नाव, वय, आणि खाली छापलेलं : ‘रुग्णासोबत असलेली जवळची व्यक्ती.’ त्यापुढे तिच्या त्या फळ्यावरच्या सुंदर, गोल अक्षरात लिहिलं होतं : ‘कोणी नाही.’ खाली सही. तारीख गेल्या वर्षीची.

मला आठवलं. गेल्या वर्षी महिनाभर ती काळा चष्मा लावून जिना चढता-उतरताना दिसायची. मी मनात म्हटलं होतं, म्हातारपणी काय ही थेरं! तोंड फिरवून कठड्याला चिकटले होते.

“घरी कशा आलात?”

“त्यांची एक आया टॅक्सीपर्यंत आली. जिना मोजून चढले, अठ्ठेचाळीस पायऱ्या. मोजायला येतं मला.”

“आणि थेंब कोण घालायचं?”

“मीच, आडवी पडून. दिवसातून सहा वेळा. अर्धे गालावर जायचे.”

“मी समोरच होते, वहिनी.”

“माहीत आहे. तुझा रेडिओ ऐकू यायचा.”

ती हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती, दूध किती वाजता येतं ते सांगावं तसं. मला रडू आवरेना आणि तिच्यापुढे रडायचा हक्कही वाटेना. मी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. तिने माझ्या पिशवीला अडकवलेलं पेन काढून घेतलं. माझी तिरकी सही खोडली, नंबर खोडला, खाली आपला खरा नंबर लिहिला आणि सही केली.

“नातं शेजारीण लिहिलंयस ते राहू दे. आहे ते आहे,” ती म्हणाली. “किल्ली?”

दुसरी किल्ली पहिलीच्याच कडीत होती. नवी कडी, निघता निघेना, माझं नख तुटलं. किल्ली तिच्या हातात ठेवली. तिने ती डोळ्याजवळ नेऊन बघितली आणि मुठीत धरली. “बोलणं सुरू झालं असं समजू नकोस,” म्हणाली.

“नाही समजत.”

मी चपला काढून आत गेले, दवाखान्याचा कागद टेबलावर पसरला. “पेन द्या जरा. इथे माझं नाव लिहिते.”

“त्याचं काम झालं. जुना कागद आहे तो. त्यावर आता लिहून काय होणार?” तिने तो माझ्या हाताखालून ओढून घेतला आणि खणात टाकला.

अर्ज पिशवीत घातला, चपला घातल्या. आठ पावलांतली तीन-चार चालले असेन, तेव्हा मागून तिचा आवाज आला.

“दुसरा डोळा अजून बाकी आहे.”